आधी तू सांग

रेकॉर्ड संपली होती आणि दादा अजून मान डोलावत होता.

धाकट्या बहिणीला आधी वाटलं, गंमत करतोय. ऑर्गनचा शेवटचा लांबलचक सूर कुठल्यातरी दगडी छताखाली विरून गेला होता, सुई मधल्या रिकाम्या चाकोरीत शिरून टक् टक् करत फिरत होती, आणि दादा डोळे मिटून बसला होता. उजवा तळहात खुर्चीच्या लाकडी हातावर पालथा पसरलेला, मान एका संथ ठेक्यात खालीवर. तो ठेका कसला, हे तिला खिडकीशी गेल्यावर कळलं. खाली फाटकाशी पाण्याचा टँकर उभा होता. जाड पाइप इमारतीच्या टाकीत सोडलेला, पंप सुरू. त्या पंपाची धडधड भिंतींतून, फरशीतून, खुर्चीच्या पायांतून वर चढत चढत दादाच्या तळहातापर्यंत येत होती. "वा!" दादा डोळे न उघडता म्हणाला. "बास बघ कसा लावलाय. असा बास आता कुणी देत नाही."

ती खिडकीशीच उभी राहिली. सुई उचलावी असं वाटलं, पण हात उचलला नाही; आपण हललो तर जे दिसलंय ते पक्कं होईल अशी काहीतरी वेडी भीती. थोड्या वेळाने टँकरवाल्याने पंप बंद केला. दादाची मान थांबली. त्याने डोळे उघडले आणि आधी तिच्याकडे नाही, प्लेअरच्या दांडीकडे पाहिलं. दांडी मधोमध पोचलेली दिसताच म्हणाला, "संपली." जणू आत्ताच कानांनी सांगितलं असावं. मग उठून, दोन्ही तळव्यांत कडा धरून त्याने तबकडी अलगद उलटवली आणि खुर्चीत परत येऊन तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "आधी तू सांग."

"छान आहे," ती म्हणाली. "शेवट जरा लांबला."

"अगदी बरोबर. शेवट लांबला. मी तेच म्हणणार होतो."

मी तेच म्हणणार होतो. हे वाक्य तिने त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी अंगावर मूठभर मांस चढलं होतं! कारण लहानपणापासून या घरात आधी बोलायचा तो दादाच. वडील गेले तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागलेली आणि तो छापखान्यात यंत्रांवर नुकता लागलेला. दिवसभर त्या लोखंडी राक्षसांच्या पोटाशी उभं राहून घरी आला की तो हात धुवायचा, नखांतली शाई काढायचा, आणि मगच तबकड्यांना हात लावायचा. प्लेअर एका बंद पडलेल्या नृत्यशाळेतला, एक पाय तुटलेला. त्या पायाखाली विटेचा तुकडा. तो तिला स्पीकरच्या लाकडी पेटीला पाठ टेकवून बसवायचा आणि म्हणायचा, "कान दे. उसना नाही, कायमचा दे." मग हळू आवाजात सांगत राहायचा. आता बासरी येईल, बघ कशी दार लोटून येते. हा ट्रंपेट रागीट आहे, त्याच्या नादी लागू नको. ही बाई रडत नाहीये, रडून झाल्यावर गातेय, फरक ओळख. जुन्या सामानाच्या दुकानांतून, वारलेल्या म्हाताऱ्यांच्या घरांतून, जिथे मुलं-सुना खोकी ओढून दाराबाहेर काढत असत तिथून, दोघं मिळून तबकड्या आणायची. ओल लागलेल्या पुठ्ठ्याचा वास, उजेडात तिरप्या धरून पाहिलेले ओरखडे, मऊ ब्रशने चाकोरीच्या दिशेने पुसायची ती सवय. बॉलरूमचे बँड, खाणकामगारांची समूहगाणी, एकटा चेलो, नुसते ढोल, जाझ, खलाशांच्या बायकांची विलापगीतं, सतार, सर्कशीतली वाजंत्री, सगळं एकाच फळीवर, आलं तसं लावलेलं. कुणी विचारलं की दादा म्हणायचा, "गाण्याला जात नसते. दोनच प्रकार. ठेवायचं आणि भंगार." आणि काय ठेवायचं, काय भंगार, ते तोच ठरवायचा. तिला आवडलेलं काही भंगारात गेलं तर ती मुकाट्याने स्वतःला समजावायची की आपला कान अजून कच्चा आहे.

मग कधीतरी तो "आधी तू सांग" म्हणायला लागला. ती हरखून गेली होती. वाटलं, आता आपण तयार झालो. आता दादा आपल्याला विचारतो. ती घरी जाऊन आरशात बघायची आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवायची, पुढच्या सुटीला हे म्हणू, ते म्हणू. त्याच सुमाराला त्याने खुर्ची खिडकीकडून हलवून तिच्या बरोबर समोर आणली होती. "इथून उजेड बरा पडतो," म्हणाला होता. उजेड! ऐकायला उजेड कशाला लागतो, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. त्याच सुमाराला त्याने फोन उचलणं सोडलं. "फोनवर काय बोलायचं, ये की घरी." तिला वाटलं, माया. त्याच सुमाराला तो तबकडी लावण्याआधी कव्हरची मागची बाजू बारकाईने वाचायला लागला, आणि विनोदाला सगळे हसून झाल्यावर मग हसायला. एक एक आठवण ती उचलून उजेडात तिरपी धरायला लागली, आणि प्रत्येकीवर ओरखडा निघाला.

दुसरी बाजू वाजत असतानाच ती स्वयंपाकघरात गेली. वहिनी ओट्याशी उभी राहून चहाची भांडी विसळत होती. तिने दार लोटून घेतलं.

"वहिनी, दादाला ऐकू येत नाही."

वहिनीने नळ बंद केला. पदराला हात पुसले, फार सावकाश पुसले. "कळलं का शेवटी?"

"तुला माहीत होतं?"

"बाई गं, मी ह्यांच्याबरोबर राहते. या घरात कान फक्त भिंतींना, मला कळणार नाही?" वहिनी हसली, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "डावा आधी गेला. यंत्रांनी खाल्ला. मग उजवा झिजत झिजत. आता ढग गडगडले तर कळतं. ओठ बघून भागवतात. बाहेर गेलो की कोण काय म्हणालं ते मी परत सांगते, तोंड वळवून. इतकी सवय झालीय, की देवाघरी गेले तरी तिथेही मागे वळून सांगत बसेन."

"यंत्र नाही का लावत कानाला?"

"तुला दिसेल म्हणून."

"मला?"

"शपथ घातली मला. म्हणाले, तिला कळलं तर ती यायची बंद होईल. आली तरी तबकड्या आणायची नाही. नुसती बघायला येईल, आजाऱ्याला बघायला येतात तशी." वहिनीने कप पालथा घातला. "मी म्हटलं, सांगून टाका. पण ह्यांचा हट्ट. आणि तू इतकी खुश असायचीस गं. 'आज दादा मला म्हणाला, तुझा कान माझ्यापुढे गेला.' मला बघवायचं नाही. पण मोडवायचंही नाही."

म्हणजे दोघांनी मिळून. ती बोलत राहायची, समोर तो तिचे ओठ वाचायचा, आणि दाराआड वहिनी कपबशा लावत हे सगळं चालू द्यायची. एवढी वर्षं ती ज्या खोलीत सोबतीने ऐकत होती, त्या खोलीत ती एकटी होती. तिने म्हटलेलंच तिला परत मिळत होतं, आणि ते दादाचं म्हणून तिने जपून ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीतून ऑर्गन सुरू होता, प्रचंड, ऐकणारं कुणी नसलेला. ती चप्पल घालून निघाली तेव्हा दादाने खुर्चीतूनच हात हलवला. "पुढच्या वेळी काहीतरी हलकंफुलकं आण!" जरा जास्तच मोठ्याने. तोही आवाज तिने कधी मोठा म्हणून ऐकला नव्हता.

कित्येक वर्षांपूर्वीच्या त्या क्लॅरिनेटवाल्याची आठवण रस्त्यात झाली. खरं तर आठवण झाली असं नाही; ती चौकात सिग्नलला उभी होती आणि एकदम शेजारच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. मग कारण मागाहून आलं. दादाने त्याचं नाव फुंक्या ठेवलं होतं. ती इस्पितळात एक्स-रे काढते. तो छातीचा एक्स-रे काढायला आला होता. काचेमागून ती रोजच्यासारखं म्हणाली, श्वास घ्या, रोखून धरा. त्याने धरला. ती बटण दाबून दुसऱ्याच कागदात गुंतली आणि "सोडा" म्हणायची विसरली. बऱ्याच वेळाने वर बघते तर तो तसाच, लाल झालेला, डोळ्यांत हसू. "सोडू का?" त्याने नुसत्या भुवयांनी विचारलं. फुप्फुसं निकोप निघाली. मग तो पुन्हा आला, आजारी नसताना. हॉटेलातल्या छोट्या बँडमध्ये वाजवायचा. त्याचे हात सतत कशाच्या तरी काठावर बोटं मोजत असायचे. तो कमी बोलायचा, पण ती बोलत असली की पूर्ण वळून ऐकायचा, आणि मध्येच म्हणायचा, "हे पुन्हा सांग." कुणी तिला पुन्हा सांग म्हटलेलं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच. त्याला दूरच्या शहरात एका मोठ्या वाद्यवृंदात जागा मिळाली होती. चल माझ्याबरोबर, म्हणाला. आणि आपल्या चौघांच्या बँडने हौसेने काढलेली एक तबकडी त्याने तिला दिली. ती तिने स्वतःच्या प्लेअरवर लावली नाही. आधी दादाकडे घेऊन गेली.

ती दुपार तिला जशीच्या तशी आठवत होती. दादाने दोन्ही बाजू डोळे मिटून ऐकल्या. एकदाही मान हलवली नाही. शेवटी म्हणाला, "सूर बरोबर आहेत. पण पोटातून येत नाही. ओठांवरचं आहे. असा फुंकणारा माणूस अडचणीच्या वेळी पहिला पळतो." एवढंच. तिने तबकडी परत मागितलीही नाही. माणसाबद्दल कुणी काही बोललं असतं तर ती भांडली असती. पण दादा माणसाबद्दल बोलला नव्हता, सुराबद्दल बोलला होता, आणि सुराबद्दल दादा चुकत नसतो. निघायच्या दिवशी ती स्टेशनवर गेली नाही. त्याने इस्पितळात फोन केला होता. तिने बाई सुटीवर आहेत म्हणून सांगायला लावलं.

पुढचे दिवस ती कामावर गेली, छात्या, गुडघे, मणके काढत राहिली, आणि डोक्यात एकच प्रश्न घुमत राहिला. तेव्हा त्याला ऐकू येत होतं का? "आधी तू सांग" कधी सुरू झालं, आधी की नंतर? खुर्ची कधी हलली? काळ्या फिल्मवर पांढरी हाडं उजेडात धरताना ती आतल्या आत दादाच्या जुन्या दिवसांची तपासणी करत होती. आणि चमत्कारिक असं की, तो तेव्हाच बहिरा असावा अशी ती आशा करायला लागली होती. बहिरा होता, लाजला, काहीतरी ठोकून दिलं, गरीब बिचारा, अंधारात दगड मारला आणि तो नेमका माझ्या कपाळावर बसला. असं असेल तर माफ करता येईल. रडता येईल दोघांना मिळून. तिने मनातल्या मनात त्याला कितीदा बहिरं केलं. बसमध्ये, जेवताना, पेशंटला कूस बदलायला सांगताना, ती त्याचं बहिरेपण महिना महिना मागे ढकलत होती, त्या दुपारच्या पलीकडे जाईपर्यंत.

पुढच्या सुटीला ती रिकाम्या हाताने गेली. दादा पेपर वाचत होता. तिने काही न बोलता फळीवरच्या तबकड्या चाळल्या. ती शोधावी लागली नाही. छापील कव्हर नसलेलं तपकिरी पाकीट, हाताशी येईल अशा जागी, आणि त्याच्या कडा हाताळून मऊ पडलेल्या. दादाने पाकीट पाहिलं आणि पेपर घडी न घालताच मांडीवर ठेवला. तिने तबकडी लावली. सुई टेकवली. मग त्याच्या समोर बसली, उजेडात, आणि एकेक शब्द नीट ओठांवर मांडत म्हणाली, "मला सगळं कळलंय. वहिनीला बोलू नकोस. एवढंच सांग. ही मी आणली तेव्हा तुला ऐकू येत होतं?"

क्लॅरिनेट सुरू झालं होतं. दादा तिच्या ओठांकडे बघत राहिला, ते थांबल्यावरही. मग खूप थकलेल्या माणसासारखा मागे टेकला.

"येत होतं."

"नीट?"

"नीट. ही मी नीट ऐकलेली शेवटची." त्याच्या आवाजाला माप उरलं नव्हतं, आत वहिनीच्या हातातलं काहीतरी थांबल्याचं ऐकू आलं. "डाव्या कानात शिट्टी सुरू झाली होती. डॉक्टर म्हणाला होता, दोन्ही जाणार. त्या आठवड्यातच. आणि तू ही घेऊन आलीस."

"मग? ओठांवरचं होतं? पोटातून येत नव्हतं?"

त्याने तिच्याकडे बघतच मांडीवरचा पेपर बाजूला सारला.

"दादा. आता मी तुला विचारतेय. आधी तू सांग."

"सुरेख वाजवलंय," दादा म्हणाला. "मी तसं क्लॅरिनेट त्याआधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला ते संथ आहे ना, त्यात तो मध्येच थांबतो. आपल्याला वाटतं संपलं. आणि मग खालून उचलतो. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं होतं गं. मी खुर्ची घट्ट धरून बसलो होतो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तू गेली असतीस त्याच्याबरोबर. गेलीच असतीस. मग मला कोण सांगणार होतं, काय वाजतंय ते?"

"वहिनी होती."

"तिला काय कळतं गाण्यातलं!"

दाराशी वहिनी उभी होती, हातात कोरडं फडकं. तिच्याकडे दादाची पाठ होती. तिने फडक्याची एक घडी घातली, मग दुसरी, आणि तिथेच उभी राहिली.

"सगळं गेलं," दादा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं, ते बघून तिला शिसारी आली. "बाकीचं आठवायला गेलो तर नुसती नावं आठवतात, कव्हरं आठवतात. हीच एक राहिली. शेवटची म्हणून असेल. रोज सकाळी दाढी करताना वाजते. सबंध. ऐक." आणि तो गुणगुणायला लागला. आवाज चिरका होता, फुटका होता, पण जागा न् जागा तीच असावी. कारण तो मध्येच थांबला, संपलं असं वाटलं, आणि मग खालून त्याने तो सूर असा उचलला की तिच्या मानेवर काटा आला. प्लेअरवर पहिली बाजू चालली होती, धावती, खेळकर. दादाच्या डोक्यात दुसरी. दोन्ही एकमेकांत घुसून खोलीत नुसता गोंधळ माजला. ती तबकडीकडे लक्ष द्यायला धडपडत होती. तो माणूस तिथे होता, त्या काळ्या चकतीत, श्वास घेत होता, वाजवत होता. आणि तिला तो ऐकू येत नव्हता. प्रत्येक फुंकरीला दादाचं ते जुनं वाक्य आधी येत होतं. ओठांवरचं आहे. पोटातून नाही. शाबूत कानांनी तिला तेवढंच ऐकू येत होतं, आणि ज्याने ते वाक्य म्हटलं होतं त्याच्याकडे मात्र सगळं गाणं होतं, स्वच्छ, ओरखडा नसलेलं, रोज सकाळी.

ती उठली. दादा गायचा थांबला. "नेणार आहेस का ही?" त्याने घाईने विचारलं. "राहू दे ना. समोर असली की बरं वाजतं."

तिने मान हलवली, हो की नाही ते तिलाही कळलं नाही, आणि तबकडी तशीच फिरती ठेवून दाराशी गेली. चपलेचा पट्टा सापडेना. वहिनी पुढे आली आणि अगदी हळू म्हणाली, "ह्यांनी केलं त्यावर इलाज नाही, मला माहीत आहे. पण पुढच्या सुटीला येशील ना?"

दादाकडे पाठ करून, रोजच्या आवाजात, ती म्हणाली, "मी आता येणार नाही. तू माझ्याकडे ये, वहिनी. एकटी ये. मला त्याचं तोंड बघायचं नाही."

वहिनीचे डोळे भरले, पण तिने मान डोलावली. ती जिना उतरायला लागली. पहिल्या वळणावर पोचते तोच वरून दादाचा आवाज आला, मोठा, बेसूर, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा. "काय म्हणाली? अगं, काय म्हणाली ती?"

ती कठड्याला धरून उभी राहिली. त्याने पुन्हा विचारलं. दार उघडंच होतं, वहिनी दारातच होती, तिची सावली जिन्याच्या भिंतीवर पडलेली दिसत होती. ती सावली खोलीकडे वळली, दादासमोर तोंड करून उभी राहिली, आणि काहीच बोलली नाही.